हळदीतली बाळंतीण

माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं असायची ती बिघडलेल्या पत्रकांची. शाई पसरलेली, ओळ तिरकी गेलेली, एखादी वेलांटी उडालेली पत्रकं अण्णा, म्हणजे माझे वडील, फेकू देत नसत. इतिहासाच्या पुस्तकावर ‘एसटी थांब्याला शेड मिळालीच पाहिजे’, भूगोलावर ‘साप चावल्यास मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात चला’ आणि गणितावर ‘सोयर पाळू नका, बाळंतिणीला माणसात ठेवा’. उरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची, त्यावरच शेंगा फोडायच्या, आणि माय रानात भाकरी न्यायची तेव्हा कारळाच्या चटणीची पुडीही त्याच कागदाची असायची. चटणीचं तेल ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर हळूहळू पसरत जाताना मी कितीदा पाहिलंय. आमच्याकडं भिंतीवर देवाचा एकही फोटो नव्हता, पण घरात असा कोपराही नव्हता जिथून कुणीतरी ‘जागे व्हा’ म्हणत नव्हतं. माझं नावही जागृती. रानातल्या बाया सकाळी मला जांभई देताना पकडायच्या आणि विचारायच्या, “काय गं जागे, झोपली का?” हा विनोद त्यांना वर्षानुवर्षं पुरला.

हे मी लिहायला घेतलंय ते अशा दिवसांत, की एका बैठकीत चार ओळींच्या वर काही होत नाही. शेजारी लेकरू निजलंय. ते कुरकुरलं की पेन खाली ठेवायचा. स्वतःच्या आठवणी लिहायचं तुझं वय नाही, असं ओळखीतले काहीजण म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायला एरवी मला आवडलं असतं, सध्या सवड नाही. पडल्या पडल्या आठवत राहतं, एवढं खरं. आणि सगळ्यांत जास्त आठवतो तो आमच्या हळदीच्या रानाचा, तलावाच्या सांडव्याकडचा कोपरा.

आमचं गाव वसमतकडं जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, तलावाच्या कडेला. घर दोन खोल्यांचं, आणि ओसरीवर छपाईचं, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. वसमतच्या एका छापखान्यानं नवी यंत्रं घेतली तेव्हा हे जुनं धूड भंगारात निघालं होतं. अण्णांनी ते बैलगाडीत घालून आणलं. लग्नपत्रिका, हळदीच्या अडत्यांची पावतीपुस्तकं, जत्रेच्या कुस्त्यांची भित्तिपत्रकं यांवर घर चालायचं, आणि त्यातून उरलेल्या वेळात नि उरलेल्या कागदावर पत्रकं. लाइट गेली तरी मशीन अडायचं नाही. चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज आणि ओसरीवरची खटक-धप्प, खटक-धप्प एका तालात यायची. माय म्हणायची, दोघंही थापतच असतो आपण, माझं निदान पोटात जातं.

अण्णांचे काही नियम होते. विशेषणं काढायची, माणूस विशेषणाला घाबरत नाही, माहितीला घाबरतो. दुसरा नियम त्याहून कडक. पत्रकाच्या खाली स्वतःचं नाव आणि वर काय घडलं त्याचं ठिकाण, अगदी खुणेसकट, छापायचंच. निनावी पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, आणि बिनठिकाणाचं पत्रक म्हणजे पारावरची कुजबुज, असं त्यांचं मत. ‘गावात हातभट्टी आहे’ असं ते कधी लिहीत नसत; ‘मारुतीच्या देवळामागं, बाभळीखाली’ असं लिहीत. त्यापायी दोनदा त्यांच्या सायकलीची चाकं गेली होती. मी तेव्हा नववीतून दहावीत गेलेली, मजकूर लिहायला बसले की माझ्या पेनातून जाळच निघायचा. अण्णा त्यातला धूर काढून टाकायचे आणि उरलेलं छपाईच्या खिळ्यांत जुळवायचे. जगातली कुठलीही गोष्ट नीट छापून चार ठिकाणी वाटली की दुरुस्त होते, अशी माझी पक्की समजूत होती. मायचा पत्रकांना विरोध नव्हता. छापायच्या आधी दोन माणसांना तोंडानं विचारून पाहत जा, एवढंच ती सांगायची, आणि तेवढंच आम्ही ऐकत नव्हतो.

सोयराविरुद्धचं, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळाविरुद्धचं, पत्रक निघालं ते गयाबाईमुळं. गयाबाई आमच्या रानात निंदायला येणाऱ्या बायांची म्होरकी; आवाज असा की सांडव्यावरून हाक मारली तर थांब्यावरची एसटी थांबावी. तिच्या सुनेचं बाळंतपण झालं आणि रिवाजाप्रमाणं तिला मागच्या गोठ्याजवळच्या खोपटात ठेवलं. बाहेर पाऊस, आत शेगडीचा धूर, ताट लांबून सरकवायचं. पोरगी तापानं फणफणली. माय गेली, अण्णा गेले, भांडण झालं, आणि शेवटी गयाबाईनंच स्वतः सुनेला उचलून घरात आणून आपल्या अंथरुणावर निजवलं. चार दिवस भावकीनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मग अण्णांनी ते पत्रक काढलं, आणि गयाबाईला वाचता येत नसूनही तिनं ते दाराच्या चौकटीला खोचून ठेवलं होतं.

त्या साली भाद्रपद सरत आला तरी आमच्या हळदीची भरणी राहिली होती. हळदीचे कंद वाढायला लागले की सरीतली माती ओढून बुडाला लावावी लागते, नाहीतर कंद उघडे पडतात आणि हिरवे होतात. पाऊस उघडायची वाट बघत माय थांबली होती. एके सकाळी ऊन पडलं आणि गयाबाईची टोळी रानात उतरली. हळद कमरेच्या वर आलेली, पानं अशी दाट की वाकलेली बाई दिसू नये, नुसते आवाज ऐकू यावेत. दुपारी उंबराखाली भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि चटणी खाऊन बाया पुन्हा ओळीला लागल्या. सांडव्याकडच्या कोपऱ्यात गयाबाईचं खोरं पडणार, तोच तिच्या पायाजवळून काहीतरी भडकन उठलं. एक पाखरू सरीतून फडफडत, एक पंख ओढत, लंगडत पळायला लागलं. बदक होतं. तपकिरी खवल्याखवल्यांचं अंग, काळी चोच, चोचीच्या टोकाला हळदीचं बोट बुडवल्यासारखा पिवळा डाग आणि कपाळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. हळदी-कुंकू बदक. तलावात ते आम्ही रोजच पाहायचो, पण इतक्या जवळून कधी नाही.

मी त्याच्या मागं धावले, पंख मोडलाय म्हणून. मायनं माझा दंड धरला. “मोडला न्हाई,” ती म्हणाली, “तुला इथून दूर न्यायलंय ते.” तिनं हळदीची पानं हळूच बाजूला केली. जमिनीवर वाळक्या पानांचं आणि गवताचं एक खोलगट घरटं होतं, आणि त्याच्या आत चहूबाजूंनी मऊ करडी पिसं लावलेली. ती पिसं त्या बदकानं स्वतःच्या छातीची उपटलेली होती. त्यात राखाडी झाक असलेली पांढरी अंडी, दहा-बाराएक असतील. आदल्या महिन्यात तलावाच्या कडेच्या बेशरमाच्या झुडपातून कुणीतरी अंडी काढून नेल्याचं आम्ही ऐकलं होतं. तीच असेल ही, किंवा दुसरी. पाण्यातली जागा सोडून ती आमच्या हळदीत आली होती.

गयाबाई उकिडवी बसून बघत राहिली. मग म्हणाली, “अंगावरचं काढून लेकरायखाली घातलं बग हिनं.”

मायनं तिथल्या तिथं ठरवलं. कोपऱ्यातल्या पाच-सहा सऱ्यांना भरणी करायची नाही. त्या सऱ्यांकडं जाणारं पाणी तिनं मातीचा बांध घालून तोडलं, घरटं बुडू नये म्हणून. त्या कोपऱ्यातली हळद त्या साली बारीक निघणार हे तिला कळत होतं. बायांचे आपापले समज होते. कुणी म्हणालं, अंड्यावर माणसाची सावली पडली की आतलं पिल्लू आंधळं होतं. कुणी म्हणालं, पाळीतल्या बाईनं बघायचं नाही. मी रागानं काही बोलणार होते, पण त्या सगळ्या समजांचा परिणाम एकच झाला, की कुणी तिकडं फिरकेना.

मी मात्र रोज फिरकायची. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या झरोक्यातून तो कोपरा बराबर दिसायचा. बदक दिवसातून दोन वेळा उठायची, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. उठायच्या आधी चोचीनं पिसं नि पाचोळा ओढून अंडी झाकायची, मग सरीसरीनं चालत पाण्याकडं जायची, घाईघाईनं खायची आणि परत यायची. थेट घरट्यावर कधी उतरायची नाही. लांब उतरून चालत यायची. परत आल्यावर अंडी एकेक फिरवून मगच बसायची. नर सुरुवातीला सांडव्याजवळ घुटमळताना दिसायचा, नंतर तोही दिसेनासा झाला. पावसाची सर आली की ती पंख जरासे पसरून तशीच बसून राहायची, पाठीवरून पाणी ओघळू द्यायची. मी घरी येऊन हे सगळं अण्णांना सांगायची, आणि ते खिळे जुळवता जुळवता थांबून ऐकायचे.

तशात एक दिवस तलावाच्या दुसऱ्या कडेला कुणीतरी जाळं लावलेलं सापडलं. पाखरं अडकून मेलेली. अण्णा सायकलीवरून आले ते तोंड लाल करून. आता गप्प बसायचं नाही, असं आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं. रात्री मी मजकूर लिहिला, त्यांनी विशेषणं काढली. पाखरांना मारणं गुन्हा आहे, अंडी नेणं गुन्हा आहे, हे बदक अंडी कशी जपतं, छातीची पिसं कशी उपटतं, सगळं त्यात आलं. मथळा झाला ‘हळदी-कुंकू बदकाला वाचवा’. आणि खाली, नेहमीप्रमाणं, अण्णांचं नाव; आणि वर, नेहमीप्रमाणं, ठिकाण: तलावाच्या सांडव्याकडील हळदीचे रान, बांधावरील उंबरापासून पूर्वेचा कोपरा. हे छापताना त्यांचा हात अडखळला नाही, आणि खिळे तपासताना माझाही डोळा. ज्या घरात ठिकाण न छापणं म्हणजे भित्रेपणा, त्या घरात दुसरं काय होणार. माय झोपली होती. वसमतच्या बाजारादिवशी आम्ही ते पत्रक वाटलं. थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, चहाच्या टपऱ्यांवर. मी तर परतीच्या एसटीतही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायच्या पाठोपाठ आम्ही रानात गेलो तर बांधावर माणसंच माणसं. मोबाईलवर फोटो काढायला आलेली कॉलेजची पोरं. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. दोघीतिघींनी तर ताटात हळद, कुंकू आणि खण आणला होता. जिच्या चोचीवर देवानंच हळदी-कुंकू लावलंय तिची ओटी भरावी म्हणून. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण या सगळ्या गर्दीच्याही पलीकडं मोटारसायकल उभी करून माणिकराव आला होता. रस्त्यावर त्याचा धाबा होता, आणि तलावातलं काहीबाही तिथं शिजतं असं गाव दबक्या आवाजात म्हणायचं. तो नुसता उभा होता, हातात रिकामी पिशवी घेऊन. पिशवी बाजारासाठी असेल. असू शकते.

पोरं हळदीत शिरली तशी बदक उठली. पंख ओढत, लंगडत, ओरडत ती तलावाकडं पळाली, आणि ती फसवी चाल बघून पोरं तिच्या मागं धावली. ती पाण्यावरून उडून दूर गेली. पण या खेपेला तिला अंडी झाकायला सवड मिळाली नव्हती. उंबरावर कावळे येऊन बसले होते. मायनं कुणाकडं न बघता हळदीची दोन मोठी पानं मोडली, अंड्यांवर आडवी घातली, आणि ती मागं वळली तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडं बघू शकले नाही. अंडी गार पडली की संपलं, एवढं आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं. माणसं हटली तरच ती परत येणार होती. अण्णा लोकांना हात जोडून सांगायला लागले, की कृपा करून मागं व्हा, कायदा आहे, पत्रकात लिहिलंय. माणसं म्हणायची, पत्रक वाचूनच तर आलोय.

तेवढ्यात गयाबाईची टोळी आली. तिनं एकदा सगळं पाहिलं, आणि कोपऱ्याच्या कडेला बायांना ओळीनं उभं केलं, हातात खुरपी, पाठ हळदीकडं. मग त्या आवाजात म्हणाली, “हितं सोयर हाय. कुनी पाय घालायचा न्हाई.”

आणि गर्दी थांबली. कायद्यानं थांबली नव्हती ती या एका शब्दानं थांबली. ताटं घेतलेल्या बाया दोन पावलं मागं सरकल्या. पोरंसुद्धा सरीतून बाहेर आली, घरी आयांना कळलं तर अंघोळ घालतील म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी आतून काहीतरी जळालंही. ज्या शब्दाविरुद्ध आम्ही गावोगाव पत्रकं वाटली, त्याच शब्दानं आमची अंडी वाचत होती.

माणिकराव हसला. चांगलं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “काहून ओ अण्णा,” तो म्हणाला, “सोयर पाळू नका म्हणून तुमीच छापलं होतं ना? गावभर वाटलं. मंग आज आमाला काहून अडवून राहिलात? का तुमच्या रानातलं सोयर खरं आन आमच्या घरातलं खोटं?”

सगळी माणसं अण्णांकडं बघायला लागली. मीही. गयाबाईला खोटं पाडलं तर ओळ मोडणार, लोक आत शिरणार, आणि बायांच्या मागं काय होतं ते दिसतच होतं. आणि गप्प राहिले तर ज्या माणसानं आयुष्यात कधी एक ओळ मागं घेतली नव्हती, तो माणूस सगळ्यांसमोर ती गिळणार होता. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तरी पुढं त्या मशीनचा आवाज मला पूर्वीसारखा ऐकू आला नसता. अण्णांनी आधी माणिकरावाकडं पाहिलंच नाही. त्यांनी गयाबाईकडं पाहिलं. मग म्हणाले, “विटाळ खोटा म्हणून छापलं, माणिकराव. आजही खोटाच म्हणतो. इथं सोयर नाही. पण बाळंतिणीचा आराम खोटा, असं कुठं छापलं? ती ओळ दाखवा, मी बाजूला होतो.”

बायांची ओळ क्षणभर हलली. माणिकरावानं खांदे उडवले. “आराम,” तो म्हणाला. “आमच्यात मानसाच्या बाळंतिणीला कुठं भेटतो आराम, तर पाखराला देता.”

“भेटत न्हाई म्हनूनच उभ्या हाव, बाबा,” गयाबाई म्हणाली. या खेपेला ओरडून नाही, साध्या आवाजात.

मग ताट घेतलेली एक बाई, तोंडओळखही नसलेली, पुढं झाली, तिनं ताट बांधावर ठेवलं, पदर सावरला आणि आपल्या पोरांना म्हणाली, “चला रे. काय बघायलाव? तुमच्या टायमाला मला आठ दिवसांत कापसात धाडलं होतं.” ती निघाली तशा बाकीच्या बाया निघाल्या. बाया निघाल्यावर पोरांना कशात राम वाटेना. माणिकराव सगळ्यांत शेवटी गेला, पिशवी घडी करून खिशात घालत. जाताना अण्णांना म्हणाला, की तुमच्याशी बोलण्यात काही मजा न्हाई. त्यात थोडा मानही होता, असं मला आज वाटतं.

अण्णा नि मी तिथंच थांबायच्या बेतात होतो, राखण करायला. माय म्हणाली, “चला. आपण बी गर्दीच हाव.” गयाबाईनं जाताना अण्णांना अडवून सांगितलं, “इटाळ नसतो हे मला म्हाईत हाय, अण्णा. लोकायला म्हाईत न्हाई, म्हनून बोलले.” अण्णा म्हणाले, “पुढच्या वेळी बाळंतीण आहे एवढंच म्हणा. पुरतं.” ती म्हणाली, “पुरलं असतं तर माझ्या सुनेला नसतं का पुरलं?”

मोटारीच्या खोलीत मी आणि माय उभ्या राहिलो. डब्यातली भाकरी तशीच होती. ऊन चढलं, कावळे एकदा खाली उतरले आणि मायनं ढेकूळ भिरकावल्यावर उडाले. तलावावर काहीच हलत नव्हतं. ती नाहीच आली तर काय, हे मी मायला विचारलं नाही, कारण मग तिला उत्तर द्यावं लागलं असतं. दुपार कलायला लागली तेव्हा पाण्यावरून एक बदक दोनदा घिरट्या घालून गेली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग माझं लक्ष नसताना मायनं माझ्या हातावर हात ठेवला. सरीतून ती चालत येत होती, मान उंच, दर चार पावलांनी थबकत. घरट्यापाशी येऊन तिनं चोचीनं हळदीची पानं बाजूला केली, अंडी एकेक फिरवली, आणि बसली. मायनं तेव्हा कुठं डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पत्रक परत गोळा केलं. सायकलीला पिशवी लावून ते टपरीटपरीवर गेले. एक चहावाला म्हणाला, काय अण्णा, बातमी उतरवून न्यायला आले का? ते हसले आणि भिंतीवरचा कागद नखानं सोडवत राहिले. त्या रात्री त्यांनी नवं पत्रक जुळवलं. मजकूर मला लिहू दिला नाही. तीनच ओळी होत्या: ‘बाळंतिणीला आराम द्या. तिला बघायला गर्दी करू नका. तिला बाजूलाही टाकू नका.’ खाली नाव. वर ‘ठिकाण’ हा शब्द, आणि त्यापुढं नुसती टिंबं. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “सगळ्यांनाच माहीत आहे.” त्यांचं बिनठिकाणाचं ते एकच पत्रक.

दसऱ्याच्या तोंडावर अंडी बोलायला लागली. आम्हाला ते ऐकू येत नव्हतं, पण बदक मान खाली घालून हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहायची, थांबायची, पुन्हा पुटपुटायची, आणि माय म्हणाली की आतून जाब येत असणार. नंतर मी पुस्तकात वाचलं की तसंच असतं. सगळी अंडी मागंपुढं घातलेली असली तरी आई बसते शेवटचं अंडं घातल्यावर, म्हणून पिल्लं बरोबरच बाहेर येतात. एक रात्र पिल्लं तिच्या पोटाखाली राहिली. सकाळी दव असताना ती उठली, घरट्याकडं वळूनही न बघता सरीतून निघाली, आणि मागं एकामागं एक पिल्लं. काळी-पिवळी, जणू कुणी हळद लावून पाठवलेली. बांध ओलांडून, ट्रॅक्टरच्या चाकोरीतून, उतारावरून पाण्यात जायचं होतं. चाकोरी पिल्लांना दरीसारखी. बाकीची चढली, एक मागं अडकलं. वर चढायचं, घसरायचं. मी पाऊल टाकलं तर मायनं मला धरलं. बदक पुढं थांबली. ती मागं आली नाही. तिथूनच बोलत राहिली, न थांबता, न चिडता, आणि ते पिल्लू त्या आवाजाच्या दिशेनं कडेकडेनं चालत एका ढासळलेल्या जागी आलं आणि वर चढलं. मग सगळी पाण्यात उतरली. घरट्यात एक न फुटलेलं अंडं आणि पिसं तेवढी उरली.

अण्णांनी ही वरात पाहिलीच नाही. ते पहाटेपासून रस्त्यावर उभे होते, तलावाकडं पाठ करून, येणाऱ्या मोटारसायकली थांबवत. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “सगळी गेली?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “चल, भूक लागली.”

दिवाळी उलटून महिना होईपर्यंत मी त्या पिल्लांना पाहत होते. ती त्यांना उघड्या पाण्यात नेत नसे. लव्हाळ्याच्या कडेकडेनं, किडे असतील तिथं. आकाशात घार दिसली की एक बारीक आवाज काढायची, आणि पाण्यावर क्षणात कुणी नसायचं. तरीही काही कमी झाली. उरलेली तिच्याएवढी झाली, आणि एक दिवस सगळी एकदम उडाली. हळद काढली तेव्हा तो कोपरा खरंच बारीक निघाला. कढईत शिजवताना मायनं ते कंद वेगळे ठेवले, विकले नाहीत. वर्षभर आमच्या वरणात त्या कोपऱ्याची हळद होती.

मी अजून सोयराविरुद्ध लिहिते, तितक्याच रागानं, आणि कुणी त्या शब्दानं अंडी वाचली हे मला ऐकवलं तर त्याच्याशी भांडतेही. पण त्या सकाळी जी माणसं उभी राहिली, आणि जी निघून गेली, त्यांचं देणं माझ्या रागाच्या खाली कायमचं आहे. गयाबाईनं त्या तीन ओळींच्या पत्रकाचा एक कागद मागून नेला आणि पुढच्या नातवंडाच्या वेळी सुनेच्या खोलीच्या दाराला लावला. मग शेजारणीनं नेला. गावात काही घरांत ती रीतच पडली. गयाबाई आता नाही. मशीनही नाही, अण्णांचे गुडघे गेले तसं ते वसमतलाच परत भंगारात गेलं.

मागच्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी आले. दवाखान्यातून घरी आले तर दाराला तो कागद लावलेला, पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. कुणी गर्दी केली नाही. कुणी लांबून ताटही सरकवलं नाही; मायनं लेकरू मांडीवर घेतलं, मला आपल्या हातानं भरवलं, आणि अण्णा शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दारातून जाताना मी नीट पाहिलं. टिंबांच्या जागी अण्णांनी पेनानं लिहिलं होतं. ठिकाण: आमचे घर.